विश्लेषण : देशद्रोही की साक्षीदार? रोमच्या राज्यातील ज्यूंची कहाणी लिहिणारा जोसेफस कोण होता?

संगणकशास्त्र शिकलेल्यांना जोसेफस हे नाव एका कोड्यामुळे ठाऊक असते. ४१ माणसे वर्तुळात उभी आहेत, मोजत जायचे आणि दर तिसऱ्याला मारायचे. शेवटी कोण उरेल? उत्तर आहे, ३१व्या जागेवरचा. डेटा स्ट्रक्चर्सच्या तासाला हे कोडे सोडवून घेतात, परीक्षेतही येते आणि नोकरीच्या मुलाखतीतही विचारले जाते. मात्र या कोड्यामागे खरोखरचा माणूस, खरोखरचे युद्ध आणि एक गुहा आहे, हे फारसे कुणी सांगत नाही.

त्या गुहेतून जिवंत बाहेर पडलेल्या माणसाला त्याच्याच लोकांनी गद्दार ठरवले. तरीही पहिल्या शतकातील ज्यू समाज, त्यांचे मंदिर, सण, पंथ आणि रोमविरुद्धचे बंड याबद्दल आज जगाला जे माहीत आहे, त्यातला फार मोठा भाग याच माणसाच्या लेखणीतून आला आहे. हा जोसेफस कोण होता, त्याने नेमके काय केले आणि त्याच्यावर किती विश्वास ठेवायचा, हे समजून घेऊ या.

जोसेफसचा जन्म कोणत्या घरात झाला?

इ.स. ३७ च्या सुमारास जेरुसलेममध्ये त्याचा जन्म झाला. मूळ नाव योसेफ बेन मत्तिथ्याहू, म्हणजे मत्तिथ्याहूचा मुलगा योसेफ. घराणे पुरोहितांचे. ज्यू पुरोहितांचे २४ गट होते आणि मंदिरातील सेवेची पाळी त्यांच्यात वाटलेली असे. त्यांतील पहिल्या गटातले आपले घराणे, असे तो अभिमानाने सांगतो. रोमन येण्यापूर्वी ज्यूंवर राज्य करणाऱ्या हास्मोनी राजवंशाशीही आपले नाते असल्याचे त्याने लिहिले आहे.

आपण लहानपणापासून इतके हुशार होतो की चौदाव्या वर्षी मोठमोठे पुरोहित धर्मशास्त्राच्या शंका घेऊन आपल्याकडे येत, असाही त्याचा दावा आहे. जोसेफसला स्वतःबद्दल चांगले बोलायला कधी संकोच वाटला नाही. त्याचे लिखाण वाचताना ही गोष्ट सतत लक्षात ठेवावी लागते.

रोमच्या राज्यात ज्यूंचा धर्म कसा चालत होता?

इ.स.पूर्व ६३ मध्ये रोमन सेनापती पॉम्पीने जेरुसलेम घेतले. मंदिराच्या ज्या गाभाऱ्यात फक्त मुख्य पुरोहिताला, तेही वर्षातून एकाच दिवशी जाता येई, त्यात तो शिरला. तेथे कोणतीही मूर्ती नव्हती. देवाची प्रतिमा न करणारा हा समाज रोमनांना कायमच कोड्यात टाकत राहिला.

पुढे रोमने हेरॉड या मांडलिक राजाकरवी राज्य चालवले. त्याने मंदिराचा प्रचंड विस्तार केला. इ.स. ६ पासून ज्युडिया प्रांतावर थेट रोमन अधिकारी नेमले जाऊ लागले. मुख्य पुरोहित कोण असावा हे हे अधिकारी ठरवू लागले. मुख्य पुरोहिताची सणाची वस्त्रेसुद्धा काही काळ मंदिराला लागून असलेल्या अँटोनिया किल्ल्यात रोमनांच्या ताब्यात असत. सणाच्या आधी ती मागून आणायची आणि सण संपला की परत करायची. आपल्या देवाच्या पूजेचा पोशाख परक्या शिपायांकडून मागून घ्यावा लागणे, हा अपमान लोकांना रोज टोचत असणार.

दुसरीकडे रोमने ज्यूंना सवलतीही दिल्या होत्या. सम्राटाची देव म्हणून पूजा करण्याची सक्ती त्यांच्यावर नव्हती. त्याऐवजी जेरुसलेमच्या मंदिरात दररोज सम्राटाच्या कल्याणासाठी बळी अर्पण केला जाई. शनिवारी म्हणजे शब्बाथला काम न करण्याची मुभा होती. जगभर पसरलेले ज्यू पुरुष दरवर्षी अर्धा शेकेल मंदिरासाठी पाठवत आणि रोम ते पैसे जेरुसलेमला जाऊ देत असे.

ही तडजोड नाजूक होती. जोसेफस तान्हा असतानाच सम्राट कॅलिग्युलाने आपला पुतळा जेरुसलेमच्या मंदिरात बसवण्याचा हुकूम काढला. हजारो ज्यू शेती सोडून रोमन अधिकाऱ्यासमोर येऊन बसले आणि मरायला तयार झाले. इ.स. ४१ मध्ये कॅलिग्युलाची हत्या झाली आणि प्रसंग टळला. पण कधीही काहीही होऊ शकते, हे सगळ्यांना कळून चुकले.

फॅरिसी, सॅड्युसी, एसिन म्हणजे कोण?

सगळे ज्यू एकाच पद्धतीने धर्म पाळत नव्हते. जोसेफसने त्यांचे तीन प्रमुख पंथ सांगितले आहेत. फॅरिसी (मराठी बायबलमध्ये परूशी) लिखित धर्मशास्त्राबरोबर वाडवडिलांकडून चालत आलेली परंपराही मानत. मृत्यूनंतर आत्मा उरतो यावर त्यांचा विश्वास होता आणि सामान्य लोकांत त्यांना मान होता. सॅड्युसी (सदूकी) हे प्रामुख्याने श्रीमंत व उच्च घराण्यांतले. लिहिलेले आहे तेवढेच मानायचे आणि मृत्यूनंतर काही नाही, असे त्यांचे मत. तिसरे एसिन. ते सामायिक मालमत्ता ठेवून, एकत्र जेवून, कडक शिस्तीत राहत. फॅरिसी सहा हजारांवर आणि एसिन चार हजारांवर होते, असे आकडे तो देतो. म्हणजे बहुसंख्य लोक कोणत्याच पंथाचे सभासद नव्हते. मंदिर, शब्बाथ, सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि वल्हांडणासारखे सण एवढाच त्यांचा धर्म होता.

चौथा एक प्रवाहही होता. इ.स. ६ मध्ये रोमनांनी करासाठी मोजणी सुरू केली, तेव्हा गॅलिलीच्या यहुदाने देवाशिवाय कुणालाही धनी मानायचे नाही, असा प्रचार केला. पुढच्या बंडाचे बीज जोसेफस या विचारात पाहतो.

त्याने सोळाव्या वर्षी तिन्ही पंथांचा अनुभव घेतला, नंतर बॅनस नावाच्या एका विरक्ताबरोबर तीन वर्षे वाळवंटात काढली. बॅनस झाडांपासून मिळेल ते अंगावर घेई, आपोआप उगवेल तेवढेच खाई आणि शुद्धीसाठी दिवसरात्र गार पाण्याने अंघोळ करी. एकोणिसाव्या वर्षी जोसेफस शहरात परतला आणि फॅरिसींच्या वाटेने चालू लागला.

रोमचा प्रवास का महत्त्वाचा ठरला?

सव्विसाव्या वर्षानंतर, इ.स. ६४ च्या सुमारास तो रोमला गेला. काही ज्यू पुरोहितांना किरकोळ कारणावरून बेड्या घालून तेथे पाठवले होते. त्यांना सोडवायचे होते. परक्याच्या हातचे निषिद्ध अन्न पोटात जाऊ नये म्हणून हे पुरोहित कैदेत फक्त अंजिरे आणि सुका मेवा खाऊन राहत होते, हे कळल्यावर त्याला फार वाटले.

वाटेत जहाज बुडाले. सुमारे ६०० प्रवाशांपैकी ८० जण रात्रभर पोहून वाचले, त्यांत तो होता. इटलीत त्याची ओळख एका ज्यू नटाशी झाली. हा नट सम्राट नीरोच्या मर्जीतला. त्याच्यामार्फत तो नीरोची पत्नी पॉपिया हिच्यापर्यंत पोहोचला. पुरोहित सुटले, वर भेटवस्तूही मिळाल्या.

या प्रवासातून तो दोन धडे घेऊन परतला. रोमची ताकद किती अफाट आहे, हे त्याने डोळ्यांनी पाहिले. आणि योग्य माणसाशी ओळख असली की रोममध्ये काम होते, हेही त्याला समजले. पुढचे त्याचे सगळे आयुष्य या दोन धड्यांवर उभे आहे.

बंड कशावरून पेटले?

तो परतला तेव्हा ज्युडियात वातावरण तापले होते. इ.स. ६६ मध्ये रोमन अधिकारी गेसियस फ्लोरस याने मंदिराच्या खजिन्यातून १७ टॅलेंट उचलले. चिडलेल्या काही तरुणांनी बिचाऱ्या गरीब फ्लोरससाठी भीक गोळा करतो म्हणत लोकांत टोपली फिरवली. ही थट्टा फ्लोरसला झोंबली. त्याने शिपाई सोडले. बायका-मुलांसह सुमारे ३,६०० लोक मारले गेल्याचे जोसेफस लिहितो.

यानंतर मंदिराचा एक तरुण अधिकारी एलाझार याने परक्यांच्या वतीने बळी स्वीकारणे बंद केले. त्यामुळे सम्राटासाठी रोज होणारा बळी थांबला. वरवर हा पूजाविधीतला बदल वाटतो, प्रत्यक्षात ती युद्धाची घोषणा होती. तडजोडीचा शेवटचा धागा तुटला. सीरियाहून फौज घेऊन आलेल्या रोमन राज्यपालाला माघार घ्यावी लागली आणि बेथ होरोनच्या घाटात बंडखोरांनी त्याच्या पाच हजारांवर शिपायांना ठार केले. आता मागे फिरणे शक्य नव्हते.

बंडखोरांनी प्रांत वाटून घेतले. उत्तरेतील गॅलिलीची जबाबदारी जोसेफसकडे आली. तेव्हा तो तिशीच्या आत होता आणि लढाईचा अनुभव शून्य. त्याने गावांना तटबंदी केली, फौज उभी करण्याचा प्रयत्न केला. पण त्याचा बराच वेळ गिस्खालाचा योहान यासारख्या स्थानिक प्रतिस्पर्ध्यांशी भांडण्यात गेला. हा माणूस आतून रोमनांना सामील आहे, असा संशय तेव्हापासूनच घेतला जात होता.

गुहेत नेमके काय घडले?

नीरोने बंड मोडायला व्हेस्पासियन या मुरलेल्या सेनापतीला पाठवले. इ.स. ६७ मध्ये त्याने योदफात या डोंगरावरच्या गावाला वेढा घातला. जोसेफस आत होता.

वेढा ४७ दिवस चालला. रोमनांनी १६० यंत्रे लावून दगड व बाणांचा मारा केला. भिंत फोडणाऱ्या ओंडक्यासमोर गावकऱ्यांनी भुसा भरलेली पोती सोडली. पाणी संपत आले असताना कपडे भिजवून तटावर वाळत घातले, म्हणजे शत्रूला वाटावे की आत पाणी भरपूर आहे. रोमनांनी तटावर चढण्यासाठी टाकलेल्या फळ्यांवर उकडलेली मेथी ओतली, त्यामुळे शिपाई घसरून पडू लागले. अखेर एका पहाटे दमलेले पहारेकरी झोपेत असताना रोमन आत शिरले.

जोसेफस एका गुहेत लपला. तेथे ४० प्रतिष्ठित नागरिक आधीच होते. रोमनांनी त्याला शरण येण्याचा निरोप पाठवला. तो तयार झाला. बाकीच्यांनी तलवारी उपसल्या, शरण जाण्यापेक्षा मरण पत्कर, असे बजावले. आत्महत्या हे पाप आहे, असा युक्तिवाद त्याने केला. तो कुणी ऐकला नाही. मग त्याने चिठ्ठ्या टाकण्याचा प्रस्ताव मांडला. पहिली चिठ्ठी निघेल त्याला दुसऱ्याने मारायचे, दुसऱ्याला तिसऱ्याने, आणि असेच पुढे. सगळे मेले. शेवटी उरले दोघे, जोसेफस आणि आणखी एक. त्याने त्या दुसऱ्याला समजावले आणि दोघे बाहेर येऊन शरण गेले.

हे योगायोगाने घडले म्हणा किंवा देवाच्या कृपेने, असे तो स्वतः म्हणतो. त्याच्या ग्रंथाच्या एका जुन्या स्लाव्ह भाषेतील आवृत्तीत मात्र त्याने मोजणीत चलाखी केली, असे स्पष्ट लिहिले आहे. गणितातले कोडे याच संशयातून जन्मले. मूळ कथेत वर्तुळ नाही, दर तिसरा माणूसही नाही. ते सगळे नंतरच्यांनी रचले. प्रश्न मात्र तोच राहिला, शेवटी उरणाऱ्याला आपली जागा आधीच ठाऊक होती का?

शत्रूने त्याला जिवंत का ठेवले?

व्हेस्पासियनपुढे उभे केल्यावर जोसेफसने त्याला एकांतात भेटण्याची विनंती केली आणि सांगितले की तू सम्राट होणार आहेस. नीरो जिवंत असताना असे बोलणे धोक्याचे होते. व्हेस्पासियनला आधी ही जीव वाचवण्याची युक्ती वाटली. त्याने जोसेफसला मारले नाही आणि सोडलेही नाही, बेड्या घालून ठेवले.

इ.स. ६८ मध्ये नीरोने आत्महत्या केली. वर्षभरात रोमच्या गादीवर एकामागून एक सम्राट आले-गेले. १ जुलै ६९ रोजी अलेक्झांड्रियातील फौजेने व्हेस्पासियनला सम्राट घोषित केले. भविष्य खरे ठरले. जोसेफसच्या बेड्या नुसत्या उघडल्या नाहीत, कुऱ्हाडीने तोडल्या. अन्यायाने कैदेत पडलेल्याच्या बेड्या तोडण्याची ती रीत होती.

याच धर्तीची दुसरी कथा ज्यू परंपरेत आहे. योहानान बेन झक्काई हे विद्वान वेढलेल्या जेरुसलेममधून शिष्यांच्या मदतीने शवपेटीत लपून बाहेर पडले, व्हेस्पासियनला भेटले आणि त्यांनीही त्याला सम्राट होण्याचे भविष्य सांगितले. त्यांनी मागितले एकच, याव्ने या गावी शिकण्या-शिकवण्याची मोकळीक. ज्यू परंपरेने त्यांना धर्म वाचवणारा मानले. जोसेफसचे नाव मात्र तिने टाकून दिले. दोघेही पेटत्या युद्धातून बाहेर पडले, दोघांनीही विजेत्याशी बोलणे केले. फरक पडला तो पुढे कोण कुठे जाऊन बसला, यामुळे.

जेरुसलेमच्या वेढ्यात तो कोणत्या बाजूला होता?

रोमनांच्या. इ.स. ७० च्या वसंतात व्हेस्पासियनचा मुलगा टायटस चार लिजन घेऊन जेरुसलेमसमोर उभा राहिला. जोसेफस त्याच्यासोबत दुभाष्या म्हणून होता. तटाभोवती फिरून, शरण या, शहर वाचवा, अशी विनवणी तो आतल्यांना त्यांच्या भाषेत करत असे. आतून शिव्या आणि दगड येत. एकदा दगड डोक्यात बसून तो बेशुद्ध पडला, तो मेला समजून तटावर जल्लोष झाला. त्याचे आईवडील त्या वेळी आत अडकलेले होते.

आत बंडखोरांचे तीन गट आपसांत लढत होते. या भांडणात धान्याची कोठारे जळली. टायटसने तीन दिवसांत शहराभोवती भिंत बांधून बाहेर पडण्याचा मार्ग बंद केला. लोक उपासमारीने मरू लागले. अन्न शोधायला बाहेर पडणाऱ्यांना पकडून तटासमोर क्रुसावर चढवले जाई. पुढे मंदिरातील रोजचा बळीही बंद पडला. शतकानुशतके न चुकलेला विधी थांबला, याचा धक्का उपासमारीपेक्षा कमी नव्हता.

ज्यू दिनदर्शिकेतील आव महिन्यात मंदिर जळाले. ज्यू परंपरा तारीख ९ आव मानते, जोसेफस १० आव सांगतो. टायटसला मंदिर वाचवायचे होते, एका शिपायाने परस्पर जळते लाकूड आत फेकले, असे त्याचे म्हणणे. नंतरच्या एका रोमन लेखकाने टायटसनेच मंदिर पाडायचे ठरवले होते, असे लिहिले आहे. टायटसच्या आश्रयाला राहून लिहिणारा माणूस त्याला दोषी ठरवील का, हा प्रश्न अभ्यासक तेव्हापासून विचारत आहेत.

या वेढ्यात ११ लाख लोक मेले आणि युद्धात ९७ हजार कैद झाले, हे जोसेफसचे आकडे. मृतांचा आकडा अतिशयोक्त असल्याचे बहुतेक इतिहासकार मानतात.

शहर पडल्यावर टायटसने त्याला हवे ते घेण्यास सांगितले. त्याने माणसे मागितली आणि काही पवित्र ग्रंथ. भाऊ, ५० मित्र आणि ओळखीच्या सुमारे १९० बायका-मुलांना त्याने सोडवले. एकदा तेकोआ गावाहून परतताना क्रुसावर लटकवलेल्या कैद्यांत त्याला तीन ओळखीचे चेहरे दिसले. तो रडत टायटसकडे गेला. तिघांना खाली उतरवून उपचार सुरू झाले. दोघे उपचार चालू असताना मेले, एक जगला.

मंदिर गेल्यावर धर्माचे काय झाले?

रोमनांनी विजयाची मिरवणूक काढली आणि मंदिरातील सोन्याची सात फांद्यांची समई त्यात मिरवली. रोममधील टायटसच्या कमानीवर हे दृश्य आजही कोरलेले दिसते. मंदिरासाठी दिला जाणारा अर्धा शेकेल बंद झाला नाही. तो आता रोमच्या ज्युपिटर देवाच्या नावे कर म्हणून वसूल होऊ लागला, तोही बायका-मुलांसह सर्व ज्यूंकडून. आपल्या देवाची वर्गणी परक्या देवाला द्यावी लागणे, ही पराभवाची रोजची आठवण होती.

बळी, पुरोहित, मुख्य पुरोहित हे सगळे संपले. तरीही धर्म संपला नाही. गावोगावच्या प्रार्थनागृहांत, म्हणजे सिनेगॉगमध्ये, धर्मग्रंथाचे वाचन आधीपासून होत होते. आता प्रार्थना, अभ्यास आणि घरातील आचार हाच धर्माचा कणा झाला. पुरोहिताची जागा हळूहळू रब्बीने घेतली. आजचा ज्यू धर्म त्या वाटेवरूनच आला आहे.

रोममध्ये त्याने काय केले?

जोसेफसला रोमचे नागरिकत्व, निवृत्तिवेतन आणि व्हेस्पासियनच्या जुन्या घरात राहायला जागा मिळाली. आश्रयदात्या घराण्याचे नाव त्याने घेतले आणि तो फ्लेवियस जोसेफस झाला.

तेथे त्याने आधी आपल्या मातृभाषेत आणि मग मदतनीसांच्या साहाय्याने ग्रीकमध्ये ज्यू युद्धाचा सात खंडांचा इतिहास लिहिला. इ.स. ९३-९४ मध्ये जगाच्या उत्पत्तीपासून बंडापर्यंतचा ज्यूंचा इतिहास २० खंडांत पूर्ण केला. नंतर आत्मचरित्र लिहिले. शेवटी ज्यूंची निंदा करणाऱ्या ग्रीक लेखकांना उत्तर देणारा अपियनविरुद्धचा ग्रंथ लिहिला. ज्यू लोक प्राचीन आहेत, त्यांचे कायदे शहाणपणाचे आहेत, शब्बाथ म्हणजे आळस नव्हे, हे तो रोमच्या वाचकांना समजावत राहिला.

म्हणजे ज्याला गद्दार म्हटले, त्याने शेवटची वर्षे आपल्याच लोकांची बाजू मांडण्यात घालवली. धर्म त्याने सोडला नाही. बंडाचा दोष मात्र त्याने मूठभर माथेफिरूंवर आणि काही वाईट अधिकाऱ्यांवर टाकला. सम्राट सुटले, सामान्य ज्यूही सुटले आणि तो स्वतःही सुटला. गॅलिलीत त्याच्या विरोधात असलेल्या तिबेरियाच्या जस्टस याने या युद्धाचा वेगळा इतिहास लिहिला होता. तो ग्रंथ आज उपलब्ध नाही. उरली ती एकच बाजू. इ.स. १०० नंतर जोसेफसचाही माग लागत नाही.

त्याच्यावर किती विश्वास ठेवायचा?

याचे एक उत्तर जमिनीखालून मिळाले. परक्यांनी मंदिराच्या आतल्या आवारात येऊ नये, अन्यथा मृत्यू, अशा अर्थाच्या ग्रीक शिळा तेथे होत्या, असे जोसेफस लिहितो. अशी एक शिळा १८७१ मध्ये जेरुसलेममध्ये सापडली. शब्बाथ सुरू होताना व संपताना एक पुरोहित उंचावर उभा राहून तुतारी फुंकत असे, हेही त्याने नोंदवले होते. १९६८ मध्ये मंदिराच्या नैर्ऋत्य कोपऱ्याखाली तुतारी फुंकण्याच्या जागेचा उल्लेख कोरलेला दगड मिळाला. योदफातच्या उत्खननात बाणांची टोके, यंत्रांनी फेकलेले गोटे आणि माणसांची हाडे निघाली.

मसादाचे उत्तर इतके सरळ नाही. या डोंगरी किल्ल्यावरच्या शेवटच्या बंडखोरांनी शरण न जाता चिठ्ठ्या टाकून एकमेकांना मारले, एकूण ९६० जण मेले, दोन बायका आणि पाच मुले तेवढी वाचली, असे तो सांगतो. रोमनांच्या छावण्या आणि वर चढण्यासाठी घातलेला मातीचा उतार आजही तेथे दिसतो. १९६३ ते १९६५ या काळात तेथे मोठे उत्खनन झाले, पण इतके मृतदेह सापडले नाहीत. जागा खरी, वेढा खरा, शेवटच्या रात्रीबद्दल वाद कायम आहे.

पुन्हा चिठ्ठ्या! मसादावर शेवटी उरलेल्याने स्वतःला संपवले, योदफातच्या गुहेत शेवटी उरलेला शत्रूला शरण गेला. हे दोन्ही प्रसंग एकाच माणसाने लिहिले आहेत. आपण जे केले नाही ते दुसऱ्यांनी कसे केले, हे लिहिताना त्याला काय वाटले असेल, याचा अंदाजच करता येतो.

कोकणाशी याचा काय संबंध?

महाराष्ट्रातील बेने इस्रायली समाजाच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज जहाज फुटून अलिबागजवळच्या नौगाव किनाऱ्याला लागले. ते नेमके कधी आले याबाबत एकमत नाही. कोकणात ते तेल गाळण्याचा धंदा करत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. जेरुसलेममध्ये ज्या शब्बाथसाठी तुतारी वाजे, तोच हा शनिवार. मंदिर जळाल्याच्या ९ आव या दिवसाला त्यांच्यात वालाच्या बिरड्यावरून बिरड्याचा सण असे नाव पडले. जोसेफसने ज्या आगीचे वर्णन केले, तिची आठवण अशी कोकणातल्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचली.

मग तो देशद्रोही होता का?

गुहेतल्या ४० जणांच्या नजरेतून पाहिले तर होता. क्रुसावरून खाली उतरवलेल्या आणि जगलेल्या त्या एका माणसाच्या नजरेतून पाहिले तर नव्हता. शतकानुशतके ज्यू विद्वानांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. त्याचे ग्रंथ ख्रिस्ती मठांनी नकलून ठेवले, कारण येशूच्या काळातील समाजाची माहिती इतक्या तपशिलाने दुसरीकडे कुठे नव्हती. आता इस्रायलमधील पुरातत्त्वज्ञही त्याचाच ग्रंथ हाताशी ठेवून खोदकाम करतात.

तो गुहेत मेला असता तर त्याला शहिदांत जागा मिळाली असती. पण मग मंदिराची तुतारी, तटावर वाळत घातलेले ओले कपडे, फळ्यांवर ओतलेली मेथी आणि अंजिरांवर जगणारे पुरोहित आपल्याला कळले नसते. कोड्यातल्या ३१व्या माणसाची जागा गणिताने काढता येते. तो वाचला ते बरे झाले की वाईट, हे गणिताने काढता येत नाही.